एकही प्रयोग फसला नव्हता

मी त्या संस्थेत रुजू झाले तेव्हा तिथं एकही प्रयोग फसलेला नव्हता. ही गोष्ट मला पहिल्याच दिवशी मोठ्या अभिमानानं सांगण्यात आली.

सिडकोतल्या एका बंगल्याचा वरचा मजला संस्थेनं भाड्यानं घेतला होता. जिना चढून आलं की समोरच्या भिंतीवर फोटो लावलेले. बिनधुराच्या चुलीपुढं बसलेली बाई, पाण्याच्या फिल्टरशेजारी हसणारं जोडपं, चाऱ्याच्या नव्या कुटीयंत्राला हात लावून उभा असलेला म्हातारा. प्रत्येक फोटोखाली गावाचं नाव आणि पुढं एकच शब्द, ‘यशस्वी’. मला ती भिंत त्या दिवशी फार आवडली होती.

संस्थेचं काम साधं होतं. खेड्यातल्या अडचणींवर नव्या कल्पना शोधायच्या, एखाद्या गावात त्या करून बघायच्या आणि जमल्या तर बाकीच्या गावांत न्यायच्या. कन्नड, सिल्लोड, सोयगाव या पट्ट्यात आमचे कार्यकर्ते फिरत. संचालकांना आम्ही सगळे सरच म्हणायचो. कारखान्यातली चांगली नोकरी सोडून ते या कामात आले होते. ऐन उन्हाळ्यात लोकांच्या ओसरीवर मुक्काम करणारा माणूस. त्यांच्याबद्दल मला तेव्हाही आदर होता, आजही आहे.

मला घेतलं ते एका देणगीदाराच्या प्रश्नामुळं. सरांनी त्यांना सगळी भिंत दाखवली, चहा पाजला, आणि जाता जाता त्या गृहस्थांनी विचारलं, “तुम्ही प्रयोग करता हे दिसतंय. पण प्रयोग किती चांगले करता, ते कधी मोजलंत का?” मग वर्षभर संख्याशास्त्र शिकवून कंटाळलेल्या मला बोलावणं आलं.

“एक आकडा काढून द्या, मॅडम,” सर म्हणाले. “आपली संस्था नव्या कल्पना तपासण्यात किती तरबेज आहे, ते त्या एका आकड्यात दिसलं पाहिजे.” मग हसून म्हणाले, “आकडा जरा बरा आला तर उत्तम.”

पहिले काही दिवस मी तेच केलं जे कुणीही करेल. वर्षाला किती प्रयोग, किती गावांत, त्यातले किती यशस्वी. शेवटच्या प्रश्नाला उत्तर एकच होतं, सगळे. तक्ता एवढा सुरेख दिसत होता की मी तो घरी नेऊन नवऱ्याला दाखवला.

माझा नवरा चितेगावच्या एका कारखान्यात तयार भाग तपासायच्या खात्यात आहे. सकाळी डबा भरता भरता त्यानं तक्ता बघितला आणि म्हणाला, “सगळेच पास?”

“हो. चांगलंच आहे की.”

“आमच्याकडं दिवसभरात एकही भाग नापास झाला नाही, तर आमचा साहेब खूश होत नाही. तो आधी मोजायचं गेज तपासायला पाठवतो.” डब्याचं झाकण लावून तो निघून गेला. त्याला वाटलं, तो नेहमीसारखं काहीतरी बोलला. माझा मात्र दिवसभर त्या तक्त्याकडं बघायचा धीर झाला नाही.

मग मी वेगळे प्रश्न विचारायला सुरुवात केली. प्रयोग सुरू करण्याआधी आपण ठरवलं होतं का, की अमुक झालं तर ही कल्पना सोडून द्यायची? ज्यांना वस्तू दिली त्यांची तुलना ज्यांना दिली नाही त्यांच्याशी केली का? प्रयोग संपल्यावर कुणी परत गेलं का? आणि प्रयोगानं आपलं एखादं ठरलेलं काम कधी बदललं का? कार्यालयातली माणसं चांगली होती, कुणी चिडलं नाही. फक्त प्रत्येक प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असंच यायचं. प्रयोग सगळे एक महिन्याचे होते. महिना संपला की फोटो काढायचा, अहवाल लिहायचा आणि पुढच्या गावी जायचं.

फोटोतल्या फिल्टरच्या घरी मी स्वतः गेले. फिल्टर होता. त्यात बाजरी भरून ठेवली होती. “उंदीर शिरत नाय त्यात,” घरातली बाई कौतुकानं म्हणाली. “लई बेस वस्तू दिली तुमी.”

हसण्यासारखीच गोष्ट होती आणि कार्यालयात आम्ही हसलोही. सर सगळ्यात जास्त हसले. पण त्याच आठवड्यात बैठकीत दिव्यांचा विषय निघाला, आणि माझं हसू गेलं.

दिवे ही सरांची आवडती कल्पना होती. डोंगराच्या कडेच्या वस्त्यांवर बिबट्या शेळ्या-मेंढ्या उचलतो. त्यावर उपाय म्हणून सौरऊर्जेवर चालणारा, तांब्याएवढा दिवा मेंढवाड्याच्या कोपऱ्यात उंच काठीला बांधायचा. अंधार पडला की तो आपोआप लुकलुकायला लागतो. कधी लाल, कधी निळा, कधी पांढरा, कुठल्याच तालात नाही. माणसं हातात बॅटऱ्या घेऊन फिरतायत असं जनावराला वाटावं, ही त्यामागची युक्ती. दोन वस्त्यांवर महिना महिना करून पाहिलं होतं. एकही मेंढरू गेलं नव्हतं. आता फर्दापूरच्या बाजूला, अजिंठ्याच्या डोंगराखालच्या सगळ्या वस्त्यांना दिवे द्यायचं ठरलं होतं.

मी विचारलं, “त्याच महिन्यात शेजारच्या, दिवे नसलेल्या वाड्यांवर बिबट्या आला होता का?”

“दिवे नसलेल्यांकडं आपण कशाला जायचं?” सर म्हणाले. “तिथं आपलं काम नाही.”

“पण तिथंही आला नसेल, तर दिव्यानं काय केलं ते कसं कळणार?”

सरांनी समोरची फाइल मिटली. त्यांना राग आला होता असं मला वाटत नाही. ते थकलेले दिसत होते. शेवटी म्हणाले, “एक वस्ती घ्या. तुम्हाला हवं तसं करा. फर्दापूरचं काम मात्र थांबणार नाही, दिव्यांची ऑर्डर गेलेली आहे.”

आम्ही पिशोरच्या पुढची एक वस्ती घेतली. माझं माहेर कन्नड तालुक्यातलंच, त्यामुळं बोली आणि रस्ते दोन्ही ओळखीचे. एका बाजूला मका आणि अद्रकीची शेतं, दुसऱ्या बाजूला झुडपांचा डोंगर, मध्ये मेंढपाळांची घरं. पूर्वी ही माणसं कळप घेऊन लांब जायची. आता निम्मी घरं थोडी शेती करतात, तरणी पोरं शहराकडं मजुरीला जातात आणि मेंढरं म्हाताऱ्यांकडं नाहीतर सुनांकडं असतात. बिबट्याचं नाव तिथं कुणी घेत नाही. ‘जनावर’ म्हणतात. ‘जनावर आलतं’ म्हटलं की बाकीचं सांगावं लागत नाही.

निम्म्या वाड्यांना दिवा आणि निम्म्यांना नाही, असं मी ठरवलं. कुणाला द्यायचा ते चिठ्ठ्या टाकून. आमचा कार्यकर्ता म्हणाला, “ताई, मी सांगतो ना कुणाला द्यायचा. माझी माणसं ठरलेली आहेत.” तो चांगला माणूस होता, पण त्याची ठरलेली माणसं म्हणजे नीट ऐकणारी, कळप नीट राखणारी. त्यांची मेंढरं दिव्याशिवायही वाचली असती. म्हणून चिठ्ठ्या. शिवाय दोन गोष्टी मी सगळ्यांसमोर सांगितल्या. प्रयोग होळीपर्यंत चालेल. आणि ज्याला दिवा नाही त्यानं कधीही मागितला तर दुसऱ्या दिवशी मिळेल.

दिवाळी झाल्यावर, मका काढून झालेला असताना, मारुतीच्या पारावर तांब्यात चिठ्ठ्या टाकल्या. तिथं मला पहिल्यांदा त्या दोघी भेटल्या. सख्ख्या जावा, मधे एक शेत टाकून राहणाऱ्या. थोरलीच्या घरी सासरे होते, धाकटीचं घर नव्यानं वेगळं झालेलं. धाकटीला दिव्याची चिठ्ठी आली. थोरलीची कोरी निघाली. तिनं ती उलटीसुलटी करून पाहिली, माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “म्हंजी आमची मेंढरं निस्ती मोजायला ठिवली व्हय?”

मी म्हणाले, “वहिनी, तुम्ही म्हणाल त्या दिवशी दिवा आणून देते.”

“नगं. बगू,” ती म्हणाली.

संध्याकाळी दिवे बांधून झाले. ऊन उतरलं तसे ते एकेक करून लुकलुकायला लागले. लाल, निळा, मधेच पांढरा. मेंढरं दिव्यापासून लांब, एका कोपऱ्यात दाटून उभी राहिली. एरवी अंधार पडायच्या आधी वस्तीवर केवढा कालवा असतो, पण त्या दिवशी माणसंही हळू बोलत होती. डोंगर काळा होत गेला आणि त्याच्या पायथ्याशी ते दिवे. थोरलीच्या वाड्यावर म्हाताऱ्यानं शेकोटी पेटवली, बाज ओढून वाड्याच्या तोंडाशी टाकली आणि घोंगडी घेऊन बसला. आम्ही जीपमध्ये बसलो तेव्हा कार्यकर्ता म्हणाला, “ताई, हे म्हणजे अर्ध्या गावाला औषध आणि अर्ध्याला पाणी देण्यासारखं आहे.”

पुढच्या काही आठवड्यांत त्याचंच खरं ठरत गेलं. दिवे असलेल्या वाड्यांवर काहीच झालं नाही. दिवे नसलेल्या एका घरची शेळी गेली. मग एका सकाळी थोरलीचा फोन आला. तिचा कुत्रा गेला होता. म्हातारा शेकोटीपाशी होता, कुत्रा जरा लांब भुंकत गेला आणि भुंकणं मधेच थांबलं. “एकदम थांबलं, ताई,” ती म्हणाली. “जसं कुणी बटण दाबलं.” मग म्हणाली, “दिवा आणा.”

मी दुसऱ्याच दिवशी दिवा घेऊन गेले. वाड्याभोवती मातीत पंजे उमटलेले होते. कुंपणाला धरून पूर्ण फेरी. म्हातारा मला काठीनं एकेक ठसा दाखवत होता, शेतकरी बांध दाखवतो तसा. काठीला दिवा बांधताना थोरली म्हणाली, “माज्या जावंकडं काय बी झालं नाय. तुमचा दिवा चांगला हाय.” मला बरं वाटलं. आता लपवून काय करायचं, मला मनापासून बरं वाटलं. मीच चुकीची ठरत होते आणि दिवा खरा ठरत होता, याहून चांगलं काय असणार?

सरांनी लगेच बैठक घेतली. “महिना झाला. सिद्ध झालं. आता उरलेल्यांनाही दिवे द्या आणि हा प्रयोग बंद करा.”

मी म्हणाले, “सर, होळीपर्यंत ठरलंय.”

“कशासाठी? आणखी शेळ्या जायला?”

मी एवढंच म्हणाले की मागेल त्याला दिवा मिळतोच आहे, आणि आपण आजवर महिन्याच्या पुढं कधी गेलेलो नाही. महिन्यानंतर काय होतं ते आपल्यातल्या कुणालाच माहीत नाही. सरांनी हात झटकला, पण ‘बंद करा’ असं परत म्हणाले नाहीत.

थंडी वाढली. मी आठवड्यातून एकदा वस्तीवर जात होते. काहीतरी बदलत होतं, आणि काय ते मला सांगता येत नव्हतं. दिवे नीट चालत होते. मेंढरं आता त्यांना सरावली होती, दिव्याखालीच रवंथ करत बसायची. वस्ती पहिल्यापेक्षा शांत होती. आधी येता-जाता दिसायच्या त्या गोष्टी, शेकोटीची राख, ओसरीला टेकवलेली काठी, घोंगडीत गुंडाळलेलं कुणीतरी, त्या कमी होत चालल्या होत्या. मी ते पाहत होते, पण त्याचा अर्थ लावत नव्हते. मी पंजे शोधत होते.

संक्रांत होऊन गेल्यावर एका पहाटे कार्यकर्त्याचा फोन आला. “ताई, धाकटीच्या वाड्यावर. लवकर या.”

आम्ही पोचलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं आणि धुकं अजून शेतावर होतं. वाड्याचं काटेरी कुंपण एका जागी दबलेलं. आत मेंढरं पडली होती. एक नव्हे, दोन नव्हे, जवळजवळ निम्मा कळप. कोंडलेल्या जागेत शिरला की बिबट्या पळणाऱ्या प्रत्येक जनावराला मारत सुटतो, हे मी ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. त्यानं नेलं होतं फक्त एक कोकरू. आणि वर काठीला बांधलेला दिवा, धुक्यामुळं अजून पुरतं उजाडलं नाही असं समजून, लुकलुकतच होता. लाल, निळा, पांढरा. ज्यावर तो प्रकाश पडत होता त्याकडं मला बघवेना. मी दिवा बंद करायला हात वर केला, पण त्याला बटणच नव्हतं. शेवटी कार्यकर्त्यानं त्याच्यावर पोतं टाकलं.

धाकटी उंबऱ्यावर बसली होती. रडत नव्हती. थोरली तिच्या पाठीवर हात ठेवून बसलेली.

मी विचारलं, “बाहेर कोण झोपलं होतं?”

दोघींनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जसा मी काही वेडेपणाचा प्रश्न विचारला.

“कोण झोपणार, ताई?” धाकटी म्हणाली. “दिवा हाय ना.”

मी मागं वळून पाहिलं. तिच्या ओसरीवर बाज नव्हती. ती आत होती, भिंतीला लावलेली, तिच्यावर धुतलेल्या गोधड्या. मग मी वस्तीभर फिरले. ज्या ज्या वाड्यावर दिवा, तिथली बाज घरात गेली होती. शेकोटी कुणी पेटवत नव्हतं, एका घरानं तर कुत्रा पाहुण्यांना देऊन टाकला होता. ज्यांना दिवा मिळाला नव्हता ती माणसं अजून कुडकुडत, खोकत, शिव्या देत वाड्याच्या तोंडाशी झोपत होती. त्यांची एखादी शेळी गेली होती, पण कळप उभा होता. दिव्यानं महिनाभर बिबट्याला लांब ठेवलं असेलही. मग बिबट्या सरावला. आणि तोवर दिव्यानं माणसांना आत पाठवलं होतं.

थोरलीच्या घरी आम्ही गेलो तेव्हा म्हातारा कुणी न सांगता बाज बाहेर ओढत होता. बाजेचा पाय उंबऱ्यात अडकला तर मी दुसऱ्या बाजूनं धरली. सुनेकडं त्यानं पाहिलं नाही.

पुढच्या पंधरवड्यात दिव्याचा आणखी एक वाडा असाच फुटला. तिथंही बाहेर कुणी नव्हतं. त्यानंतर मी होळीची वाट पाहिली नाही. दिवा असो वा नसो, माणूस बाहेर पाहिजे, हे घरोघर जाऊन सांगितलं आणि सरांकडं बैठक मागितली.

बैठकीला विश्वस्त होते, तो देणगीदारही होता. मी आधी वस्तीवर काय झालं ते सांगितलं, बाजेसकट. मग म्हणाले, “तुम्ही माझ्याकडं एक आकडा मागितला होता. संस्थेनं या वस्तीआधी केलेल्या प्रयोगांपैकी किती प्रयोग असे होते, की निकाल वाईट आला असता तर आपल्याला कळला असता? एकही नाही. म्हणून एकही फसला नाही.”

देणगीदार टेबलाकडं पाहत होता. सर म्हणाले, “मॅडम, तुमची वस्ती एक. बाकीच्या सगळ्या यशस्वी. एकावरून सगळ्यांना खोटं ठरवायचं?”

“बाकीच्यांकडं आपण परत गेलोच नाही, सर.”

“दिवे गोदामात येऊन पडलेत. लोकांना शब्द दिलाय.” मग जरा खालच्या आवाजात, “तुमच्या मोजण्यातही काही चूक असू शकते ना?”

असू शकत होती. एका वस्तीवरून मी छातीठोक काहीच सांगू शकत नव्हते, आणि मी तसं म्हटलंही. तेच त्यांना पुरलं. दिवे फर्दापूरच्या बाजूला गेले. माझ्या म्हणण्यामुळं एवढंच झालं की दिवा देताना ‘राखणही करा’ असं तोंडी सांगायचं ठरलं.

फाल्गुनात मी तिकडं गेले. मला कुणी पाठवलं नव्हतं. कार्यकर्ता म्हणाला, “चला, ताई, मलाही झोप लागत नाही.” सिल्लोड ओलांडून आम्ही फर्दापूरला पोचलो तेव्हा लेणी बघून परतणाऱ्या गाड्यांची गर्दी होती. तिथून आत वळलो आणि दोन वळणांत गर्दीचा मागमूस राहिला नाही. दिवेलागणीला एका उंचवट्यावर गाडी थांबवली. खाली डोंगराच्या कुशीत, नजर जाईल तिथपर्यंत, दिवे लागत होते. पिशोरच्या वस्तीवर मूठभर होते. इथं सगळा पट्टा लुकलुकत होता. बाकी कुठं शेकोटी नाही, कुत्र्याचा आवाज नाही. कार्यकर्ता हळूच म्हणाला, “एवढ्या लांबून आपल्याला दिसतंय. त्याला नसेल दिसत?”

जवळच्या वाड्यावर आम्ही गेलो. ताटं वाढलेली होती, त्यांनी आम्हालाही बसवलं. मी त्या घरच्या म्हाताऱ्याला सगळं सांगितलं. मेंढरं, पोतं, बाज, काही लपवून ठेवलं नाही. तो अदबीनं ऐकत होता. मग म्हणाला, “व्हय, ताई. पर इतकी वर्सं थंडीवाऱ्यात काडली. तुमच्या मान्सानंच सांगितलं, आता निवांत झोपा म्हनून.”

“राखण करा, असं नाही सांगितलं?”

“ते बी सांगितलं असंल,” तो हसला. “दिवा हाय की.”

परतीच्या रस्त्यावरून मी सरांना फोन लावला. ते जागेवरून उठून बाहेर आल्याचं मला ऐकू आलं, म्हणजे ते ऐकत होते. सगळं ऐकून म्हणाले, “पुढच्या महिन्यात एक फेरी काढू.”

फेरी निघायच्या आतच बातमी आली. त्याच पट्ट्यातला, आम्ही जेवलो त्या घरापासून दोन वाडे पलीकडचा एक माणूस. मेंढरं ओरडली म्हणून उजाडता उजाडता झोपेतून उठून, हातात काठीही न घेता, दिव्याच्या भरवशावर थेट वाड्यात गेला. बिबट्या अजून आत होता. माणूस वाचला. खांदा आणि मान फाटली होती, त्याला शहरात आणलं होतं.

सर दवाखान्यात गेले. मी सोबत होते. त्या माणसाला बोलता येत नव्हतं. त्यानं सरांना ओळखलं आणि चांगला हात जोडायचा प्रयत्न केला, एकाच हाताचा नमस्कार. सर खाटेशेजारी उभे होते, त्यांनी तो हात धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. बाहेर आल्यावर ते पायरीवर बसले. दुपारच्या उन्हात, माणसांच्या वर्दळीत, पंचावन्न-साठीचा तो माणूस पायरीवर बसला आणि म्हणाला, “फसला म्हणून लिहा. उद्या नको. आजच लिहा. आणि सगळ्या वस्त्यांवर माणूस पाठवा.”

त्या संध्याकाळी सगळे कार्यकर्ते निघाले. घरोघर बाज बाहेर काढायला लावली, जिथं माणूस नव्हता तिथं दोन घरांचे कळप एकत्र केले. दिवे आम्ही काढून आणले नाहीत, लोकांना ते हवे होते. त्यानंतर त्या पट्ट्यात आणखी वाडे फुटले का? एक फुटला. आधीच्या मानानं कमी, असं मी म्हणू शकते, पण त्यावर माझा फारसा विश्वास नाही. धाकटी जाऊ आता मजुरीला जाते. तिनं मेंढरं परत घेतली नाहीत.

कार्यालयातल्या भिंतीवरून दिव्याचा फोटो उतरवला. तिथं एक चौकोनी पांढरी जागा राहिली. मला वाटलं होतं की त्या दिवशी मला काहीतरी हलकं वाटेल. जे मोजायला मला घेतलं होतं ते शेवटी मोजून झालं होतं. पण मी त्या जागेपुढं उभी राहिले आणि माझी नजर बाजूच्या फोटोंवर गेली. ते सगळे अजून जागेवर होते. त्यांतल्या प्रत्येकाच्या मागं एकेक गाव होतं, जिथं आम्ही महिनाभर होतो आणि नंतर कधीच नव्हतो.

दुसऱ्या दिवसापासून मी एकेका गावाला फोन करायला सुरुवात केली. आधी सोप्या गोष्टी, चुली, कुटीयंत्रं. कुठं वस्तू मोडून पडली होती, कुठं खरंच छान चालली होती. मग धान्याला किडा लागू नये म्हणून दिलेल्या पावडरीचं गाव आलं. तीन वर्षांपूर्वी महिनाभर वापरून ‘यशस्वी’ ठरलेली पावडर. फोन एका बाईनं घेतला. मी संस्थेचं नाव सांगितलं.

“अगं बया,” ती आनंदानं म्हणाली, “ती पावडर आमी अजून वापरतो. संपली तर दुकानातनं तसलीच आणतो. एक बी किडा नाय.” मग तिचा आवाज जरा बदलला. “बरं झालं तुमीच फोन केला, मॅडम. एक इचारायचं व्हतं. तुमाला म्हनून. घरात लहान पोरांना सारकं मळमळतं, चक्कर येती...”

मी तिचं सगळं ऐकून घेतलं. ते धान्य आजपासून खाऊ नका, पोरांना आजच डॉक्टरकडं न्या, असं सांगितलं. तिच्याकडून ते परत म्हणवून घेतलं. मग सरांच्या खोलीत गेले, दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी टेबलावरची किल्ली उचलली, आणि चहा तसाच टाकून आम्ही जीपकडं निघालो.